नकाशा-कंपासच्या शर्यतीत जीपीएस घड्याळ चालतं का? नाव नोंदवण्याआधी हे वाचा

पौड (ता. मुळशी) : भातकापणी उरकली की आपल्याकडं शर्यतींचा हंगाम सुरू होतो. रस्त्यावरच्या मॅरेथॉन आता सगळ्यांना माहीत झाल्यात. पण डोंगरातली एक वेगळी जात आहे. हातात नकाशा आणि कंपास देतात, ठरलेल्या खुणा स्वतः शोधत जायचं, आणि वाट दाखवणाऱ्या डिजिटल साधनांना बंदी. मोबाईल तर बंदच. मग मनगटावरच्या घड्याळाचं काय? हा प्रश्न आपल्या भागातली पोरं मला विचारतात आणि मराठीत त्याचं सरळ उत्तर कुठं सापडत नाही.

निमित्त घरचंच आहे. माझा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे डेअरीला दूध घालून आला की पळायला जातो. हिंजवडीतल्या एका इंजिनिअरकडून त्यानं जुनं स्पोर्ट्स वॉच घेतलं, त्यात जीपीएस आणि नकाशा दोन्ही होतं. दोन वर्षांपूर्वी तो आणि त्याचा मित्र अशा एका जोडीच्या शर्यतीत उतरले. दुसऱ्या कंट्रोलवर, म्हणजे जिथं खूण शोधून कार्डावर नोंद करायची त्या ठिकाणी, मार्शलनं त्याचं मनगट धरलं. घड्याळाच्या पडद्यावर बारीक जांभळी रेघ होती. आठ दिवस आधी त्यानं त्याच डोंगरात सराव केला होता, ती वाट घड्याळात साठून राहिली होती. दोघंही तिथंच बाद. फी गेली, गाडीभाडं गेलं, आणि गावात चर्चा झाली ती वेगळीच, 'पोरानं चोरी केली' म्हणून.

आता गंमत अशी की तो डोंगर त्याच्या मामाच्या गावचा. तिथल्या ढोरवाटा त्याला डोळे झाकून माहीत. "काका, मी घड्याळात बघितलंसुद्धा नाही," असं तो म्हणत होता आणि मला ते खरं वाटतं. पण नंतर मी नियमावली मागवून वाचली. चौथ्या पानावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की असं साधन 'बाळगायचं' नाही. 'वापरायचं' नाही असं नव्हे, बाळगायचंच नाही. सगळा घोळ या एका शब्दात आहे.

बाळगणं वेगळं, वापरणं वेगळं

नकाशा-कंपास घेऊन पळण्याच्या खेळाला ओरिएंटीअरिंग म्हणतात. उत्तर युरोपात, मुख्यतः स्वीडन-नॉर्वेकडं, लष्करी सरावातून तो वाढला. त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ साली स्थापन झाला. त्या महासंघाच्या नियमात वाट शोधायला तीनच गोष्टींची परवानगी आहे : आयोजकानं दिलेला नकाशा, खुणांचं वर्णन आणि कंपास. पण घड्याळाबाबत महासंघ तितका कडक नाही. जीपीएस असलेलं घड्याळ घालता येतं, अट दोनच : त्याच्यावर नकाशा दिसत नसावा आणि वाट शोधायला त्याचा उपयोग करू नये. पळालेल्याची नोंद ठेवा, घरी जाऊन बघा, हरकत नाही.

म्हणजे या सैल नियमातसुद्धा आमच्या पुतण्याचं घड्याळ बसलं नसतं, कारण त्यात नकाशा होता. आणि नुसती रेघ जरी असली तरी मार्शल तिला वाटच समजणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच समजलो असतो.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली बार्कली मॅरेथॉन. १९८६ पासून चालू असलेली ही शर्यत जगातली अवघड शर्यत म्हणून ओळखली जाते. पाच फेऱ्या, ६० तास, जंगल आणि काटेरी झुडपं. जीपीएस घड्याळ अजिबात चालत नाही. आयोजक प्रत्येकाला एक साधं स्वस्तातलं घड्याळ देतात, त्यावर शर्यतीची वेळ लावलेली असते, तेवढंच हातात घालायचं. वाटेत पुस्तकं लपवलेली असतात आणि आपल्या नंबराचं पान फाडून आणलं की तिथं गेल्याचा पुरावा झाला. २०२४ मध्ये जास्मिन पॅरिस ही शर्यत पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली, तेव्हा वेळ संपायला फक्त ९९ सेकंद उरले होते. त्याआधी २०१७ मध्ये गॅरी रॉबिन्स हा कॅनडाचा धावपटू शेवटच्या फेरीत धुक्यात वाट चुकला, उलट्या बाजूनं गेटपाशी आला आणि वेळही सहा सेकंदांनी गेली. मनगटावर जीपीएस असतं तर तो चुकला नसता. पण मग ती शर्यत बार्कली राहिली नसती.

ट्रॅकवरच्या आणि रस्त्यावरच्या शर्यतींचा नियम आणखी निराळा. तिथं वाट चुकायचा प्रश्न नसतो, म्हणून वर्ल्ड ॲथलेटिक्सला जीपीएसची चिंता नाही. नाडीचे ठोके, वेग, अंतर मोजणारं घड्याळ चालतं, मात्र त्यावरून दुसऱ्या कुणाशी बोलता येता कामा नये. मोबाईलला शर्यतीच्या जागेत बंदी. म्हणजे सिमकार्ड असलेलं घड्याळ तिथं अडचणीचं, आणि नकाशावालं बिनसिमचं चालेल. डोंगरात उलटं.

म्हणून एखाद्या मित्रानं 'मी घातलं होतं, काही झालं नाही' असं सांगितलं तर त्याला पहिलं विचारा, कुठल्या शर्यतीत.

आपल्याकडची परिस्थिती

पुण्यात साहसी शर्यतींची गोडी लावली ती नॅशनल एज्युकेशन फाउंडेशनच्या 'एन्ड्युरो थ्री'नं. २००३ पासून तिघांचे संघ सायकल, चाल आणि पाणी ओलांडणं असं सगळं करत सह्याद्रीत फिरतात. पुढं सिंहगड-राजगड-तोरणा अशा डोंगरी धावा सुरू झाल्या. अशा ट्रेल धावांत बहुतेक ठिकाणी झाडांना रिबनी आणि झेंडे बांधलेले असतात, तिथं घड्याळाला मनाई नसते. उलट वाटेची फाईल आयोजकच आधी पाठवतात आणि घड्याळात भरून घ्या म्हणतात. ताम्हिणीतून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकल ब्रेव्हेतही जीपीएस चालतं. त्यामुळं पोरांना सवय लागते आणि नकाशाच्या शर्यतीत गेल्यावर तीच सवय नडते.

गावकरी म्हणून आपला आणखी एक संबंध येतो. कंट्रोलवर बसायला, पाणी द्यायला, वाटाड्या म्हणून आयोजक स्थानिक माणसं घेतात. तेव्हा कुणी स्पर्धक 'दादा, खाली उतरायची नाळ कुठली?' असं विचारील. नकाशाच्या शर्यतीत वाट विचारणं चालतं की नाही, हे आयोजकांना आधीच विचारून ठेवा. आपण चांगुलपणानं सांगायचो आणि तो बाद व्हायचा.

समुद्रावर तर घड्याळच वाटाड्या

जमिनीवरचं सोडा, समुद्रावर याच नियमाची सगळ्यात मोठी शर्यत आहे आणि तिचं मूळ मुंबईशी जोडलेलं आहे. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननं एकट्यानं, न थांबता जगाला फेरी मारली. ती करणारा तो पहिला माणूस. त्याची 'सुहैली' ही बोट मुंबईत कुलाब्याला, सागवानी लाकडात बांधलेली. त्याची आठवण म्हणून गोल्डन ग्लोब ही शर्यत २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. अट अशी की १९६८ साली जे होतं तेवढंच वापरायचं. जीपीएस नाही, संगणक नाही, इतकंच काय इलेक्ट्रॉनिक घड्याळसुद्धा नाही. चावीचं घड्याळ आणि सूर्य-तारे मोजायचं सेक्स्टंट.

घड्याळावर एवढा कटाक्ष का? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. तुमचं घड्याळ चार सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर तुमची जागा एक सागरी मैल, म्हणजे जवळपास १.८५ किलोमीटर चुकते. जीपीएस यायच्या आधी समुद्रावर घड्याळ हेच वाट दाखवणारं साधन होतं. आपल्याला वाटतं घड्याळ फक्त वेळ सांगतं, पण नियम करणारे तसं मानत नाहीत, त्याचं कारण इथं आहे.

या शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ मध्ये 'थुरिया' बोट घेऊन उतरले. ती गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. त्याआधी दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकटे जगाला फेरी मारून आले, तीही त्यांनीच बांधलेली. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरात वादळानं थुरियाची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. पुढच्या खेपेला, २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनी ते दुसरे आले.

या शर्यतीत प्रत्येक बोटीवर एक जीपीएस असतं, पण सीलबंद पेटीत. जीव धोक्यात आला तर सील फोडायचं. फोडलं की मूळ गटातून बाहेर. डोंगरातल्या बऱ्याच शर्यतींत मोबाईलला हीच रीत लावतात : पिशवीत घालून टेप मारतात, सही करतात.

तुमच्या घड्याळात नेमकं काय आहे

सगळी 'स्मार्ट' घड्याळं सारखी नसतात. दीड-दोन हजारांच्या बहुतेक घड्याळांत स्वतःचं जीपीएस नसतं, ती फोनच्या जीपीएसवर चालतात. खोक्यावर 'कनेक्टेड जीपीएस' असं लिहिलं असेल तर हेच समजा. फोन सीलबंद असला की असलं घड्याळ हाताच्या झोक्यावरून अंतराचा अंदाज देतं, बाकी काही नाही. तरी मार्शलला ते लांबून ओळखू येत नाही, म्हणून सुरुवातीलाच दाखवून ठेवलेलं बरं.

गार्मिन, सुंटो, कोरोस, अमेझफिट यांच्या जीपीएसवाल्या घड्याळांत सेटिंगमध्ये शिरून बघावं लागतं. त्यात कोर्स किंवा रूट नावाखाली साठवलेल्या वाटा असतात, त्या आधी पुसा. नुसतं चालू केलेलं नाही म्हणून भागत नाही, पडद्यावर एका बोटानं येतात. 'बॅक टू स्टार्ट' किंवा 'ट्रॅकबॅक' ही आल्या वाटेनं परत नेणारी सोय बहुतेक ठिकाणी पळण्याच्या पडद्यांतच असते, तो पडदा काढून टाका. नकाशाचा पडदा काढा. फोनवरचे मेसेज घड्याळावर येणं बंद करा आणि घरच्यांना तुमची जागा दाखवणारं लाइव्ह ट्रॅकही. राहील ती फक्त वेळ. नकाशा घड्याळातून काढताच येत नसेल, तर 'नकाशा नको' असं म्हणणाऱ्या शर्यतीला ते नेऊच नका.

उंची दाखवणाऱ्या आकड्याबद्दल मात्र विचारून घ्या. डोंगरात उंची कळली की नकाशावरच्या समोच्च रेषेवरून जागा कळते, म्हणजे तोही वाटाड्याच झाला. काही आयोजक चालवून घेतात, काही नाही. तसंही हवेच्या दाबावर चालणारी उंची हवामान बदललं की चुकते, सकाळी निघताना बरोबर असलेला आकडा दुपारी ढग भरून आल्यावर बराच सरकलेला असतो. अंतराच्या आकड्याचंही तसंच. खुल्या माळावर जीपीएस तीन-पाच मीटरच्या आत सांगतं, पण अंधारबनासारख्या दाट झाडीत किंवा तैलबैलाच्या भिंतीखाली सिग्नल अडतो आणि रेघ वेडीवाकडी होते.

ज्या शर्यतीत घड्याळ चालतं पण बघायचं नाही, तिथं पडद्यावर कागदी टेप लावायची. साधं आहे, पण त्यानं वाद मिटतो. आणि नावनोंदणीनंतर आयोजकांना एक व्हॉट्सॲप मेसेज करा : घड्याळाचं मॉडेल आणि 'हे चालेल का?' एवढंच. त्यांचं उत्तर जपून ठेवा. आमच्या पोरानं हे केलं असतं तर निदान गाडीभाडं वाचलं असतं.

मग वाट शोधायची कशी

इथं आपण शहरातल्या पोरांपेक्षा पुढं आहोत, फक्त आपल्याला ते माहीत नसतं. सोंड, धार, खिंड, ओढा, पठार हे सगळं आपल्या तोंडात आहे. नकाशावरच्या रेषा म्हणजे तेच. ज्यांनी एनसीसी केली त्यांना मॅप रीडिंग शिकवलेलं असतं. बाकीच्यांनी सर्व्हे ऑफ इंडियाचा आपल्या भागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा ऑनलाइन घ्यावा. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि रेषा २० मीटर उंचीच्या अंतरानं. आपलं गाव, देऊळ, धरणाचं पाणी ओळखीचं असल्यामुळं लवकर समजतं. ओरिएंटीअरिंगचे नकाशे मात्र मोठ्या प्रमाणाचे, १:१०,००० किंवा १:१५,००० असतात. घोळ होतो तो इथं. पोरं १:५०,०००च्या सवयीनं अंतर धरतात आणि खूण मागं टाकून पुढं पळत सुटतात.

अंतर मोजायला पावलं. १०० मीटर दोरीनं मोजा आणि चालताना फक्त डावं पाऊल मोजा. साधारण ६० ते ६५ येतील. चढावर जास्त, उतारावर पळताना कमी. तिन्ही आकडे पाठ करा. याला कुठलाही मार्शल हरकत घेत नाही.

कंपासबद्दल एक सोयीची गोष्ट. कंपासची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांच्यात काही देशांत बराच फरक असतो, तो गणित करून काढावा लागतो. पुण्याकडं तो एका अंशापेक्षा कमी आहे, सोडून दिला तरी चालतो. पण कंपास मोबाईलजवळ, कोयत्याजवळ किंवा त्या घड्याळाच्या मनगटावर धरू नका, सुई फिरते. काही ठिकाणी आपला काळा कातळही सुईला ओढतो. दोन पावलं बाजूला होऊन पुन्हा बघायचं.

काट्याच्या घड्याळावरून दक्षिण काढायची युक्ती पुस्तकात असते : तासकाटा सूर्याकडं, आणि काटा व १२ यांच्या मधोमध दक्षिण. ती थंड देशांतली आहे. आपल्याकडं मे महिन्याच्या मध्याला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते, आणि पुढं जुलैअखेरपर्यंत दुपारी तो आपल्या उत्तरेलाच असतो. त्या दिवसांत या युक्तीच्या भरवशावर गेलात तर कोकणात उतराल. डिसेंबर-जानेवारीत बऱ्यापैकी चालते.

रात्री ध्रुवतारा. मुळशीतून तो क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंशांवर दिसतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींपेक्षा थोडा कमी. इतका खाली असल्यामुळं उत्तरेला डोंगर असला की तो त्याच्याआड जातो. मग सप्तर्षींवरून किंवा शर्मिष्ठेवरून अंदाज घ्यायचा. म्हाताऱ्या धनगरांना विचारा, ते नीट सांगतील.

बंदी पाळायची, पण जीवावर उदार होऊन नाही

पावसाळ्यात ताम्हिणीच्या पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि पुढं कडा असतो. अशा वेळी वाट सुटली, कुणी घसरलं, तर सील फोडून फोन काढायचा. शर्यत जाईल, जाऊ द्या. रेंज नसेल तर उंचावर या आणि ११२ लावा. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी बचाव पथकं आपल्या भागात येतात, पण तुम्ही कुठं आहात हे त्यांना सांगता आलं पाहिजे, आणि ते सांगायला त्या क्षणी जीपीएस वापरणं यात काही चूक नाही. घड्याळ पूर्ण बंद करून न्यायची परवानगी असेल तर ते पिशवीच्या तळाला, टेप मारून ठेवा.

एक कायद्याची बाब. साधं जीपीएस घड्याळ फक्त उपग्रहाचा सिग्नल घेतं, त्याला भारतात मनाई नाही. पण उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोवा विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू बाईंना असं यंत्र सापडल्यामुळं पोलिसांनी अडवलं होतं. आता काही महागड्या घड्याळांतही ही सोय येऊ लागली आहे. परदेशातून भाच्यानं घड्याळ पाठवलं तर हे तपासा.

आणि शर्यत संपल्यावर लगेच स्ट्राव्हावर टाकू नका. दुसऱ्या गटाची शर्यत त्याच वाटेनं दुपारी असेल तर तुमची रेघ बघून त्यांना खुणा कळतात, आणि मग आयोजक तुम्हालाच धरतात. आपोआप अपलोड होणं आधीच बंद ठेवा. घराचा आणि लष्करी हद्दीचा भाग लपवायची सोयही त्यात असते. २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या नकाशावरून जगभरचे लष्करी तळ उघडे पडले होते, आणि आपल्या शेजारी खडकवासल्याला एनडीए आहे.

पुतण्या यंदा पुन्हा उतरतोय, साधं काट्याचं घड्याळ घालून. त्याचं स्पोर्ट्स वॉच सध्या माझ्या हातात आहे. परवा मळणीच्या दिवशी त्यानं सतरा हजार पावलं दाखवली, सगळी एकाच खळ्यात.